काडीवरच्या सातजणी

३ तारीख, सोमवार

नातीनं ही वही दिली आणि बजावलं, आज्जी, यात रोज तीनच गोष्टी लिहायच्या. फोटो किती वाजता काढला, उजेड कसा होता आणि समोर कोण होतं. तिनं पट्टीनं तीन रकानेसुद्धा आखून दिले. मी चौथीत शाळा सोडली, अक्षर मोठं आहे, आणि रकान्यात मावेल इतकं थोडं बोलायची मला सवय नाही. त्यामुळे मी तिन्ही रकाने आडवे ओलांडून लिहिणार. तिची पट्टी वाया गेली.

तर वेळ, सहा वाजून दहा. उजेड, बरा. समोर, एक मुंगळा. फोटोत मुंगळा नाही. मुंगळा जिथं होता तिथली फरशी आहे, ती मात्र छान आली आहे.

हे सगळं कसं सुरू झालं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी विसरले तरी वही विसरणार नाही. नात एका फोटोवाल्यांच्या मंडळात जाते. त्या मंडळाचं या महिन्यात प्रदर्शन आहे, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. विषय, सांजवेळचे किडे. कोणालाही फोटो देता येतो, पण तीन अटी. किडा जिवंत हवा. त्याला हात लावायचा नाही. आणि दिवा किंवा फ्लॅश नाही, असेल त्या उजेडात काढायचा. नात म्हणाली, तू रोज संध्याकाळी मागच्या दारात बसून किडेच बघत असतेस, तर बघता बघता फोटो काढ. तिचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता, तो गळ्यात अडकवला.

मुलगा म्हणाला, आई, मान दुखेल. त्याला म्हटलं, चाळीस वर्षं शिंप्याच्या कारखान्यात मान खाली घालून काजं केली, त्या मानेला हे खेळणं काय जड. जन्मभर बटणं लावली, आता बटण दाबायचं.

सून काहीच बोलली नाही. ती बोलतच नाही. कॅमेऱ्याकडे बघितलं आणि आत गेली.

५ तारीख, बुधवार

आज एकतीस फोटो. सगळे हललेले. एकात माझा अंगठा.

६ तारीख, गुरुवार

नातीनं नीट समजावलं. उजेड कमी असला की कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात आपण हललो तर फोटो हलतो, आणि किडा हलला तरी हलतो. म्हणजे दोघांनीही गप्प राहायचं. मी म्हटलं, माझं मी बघते, किड्याला कोण सांगणार?

माझं मात्र मला जमलं. सुईत दोरा ओवताना आम्ही कसं करायचो ते आठवलं. कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास सोडायचा आणि पुढचा घ्यायच्या आधी जी थोडी जागा असते, त्यात दोरा ओवायचा. त्याच जागेत बटण दाबलं. कुंपणाच्या भिंतीवरच्या गोगलगाईचा फोटो असा आला की तिच्या अंगावरच्या रेषा मोजाव्यात. नात म्हणाली, फोटो मस्त आहे आज्जी, पण गोगलगाय किडा नाही. मी म्हटलं, तो तिचा दोष.

उजेडाबद्दल नात मला शिकवायला लागली तेव्हा मात्र मी तिला थांबवलं. कारखान्याचा मालक सातच्या आधी दिवे लावू देत नसे. काळ्या कोटावर काळ्या दोऱ्यानं काज करायचं आणि खिडकीतून येईल तेवढाच उजेड. दिवसाचा शेवटचा उजेड कसा उतरतो ते माझ्या बोटांना कळतं. आमच्याकडे सूर्य शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे गेला की आधी सगळं विटल्यासारखं होतं, आणि मग दहाएक मिनिटांनी एक उजेड येतो. त्याला सावली नसते, सगळीकडून सारखा येतो, आणि वस्तूचा खरा रंग दाखवतो. पंधरा मिनिटं टिकतो. त्यात आम्ही गिऱ्हाइकाला दोऱ्याचा रंग जुळवून दाखवायचो. दुपारी जुळवला तर दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं.

फ्लॅश मारून काढलेले किडे नातीनं मोबाइलवर दाखवले. सगळे चोरी करताना पकडल्यासारखे दिसतात.

९ तारीख, रविवार

आज जे पाहिलं ते नीट लिहायला हवं.

मागचं अंगण म्हणजे स्वयंपाकघराचं दार आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली दोन खाटा मावतील एवढी जागा. कपडे धुवायचा दगड, फुटकी बादली, उरलेल्या फरश्यांची चवड आणि भिंतीकडेला कोणीही न लावलेली झाडं. त्यांतलं एक वाळून गेलंय, त्याची एक काडी वर राहिली आहे, पेन्सिलीपेक्षा बारीक. टाकीमागे सूर्य गेला आणि एक माशी आली. मधमाशीसारखी, पण गुबगुबीत, छातीवर तपकिरी लव आणि पोटावर निळे पट्टे. निळे म्हणजे कसे? मी आयुष्यात हजारो रिळं हाताळली, त्या रंगाचा दोरा मी पाहिलेला नाही.

ती काडीभोवती तीनदा फिरली, मग काडीला तोंडानं चावली आणि तशीच राहिली. पाय पोटाशी घेतले, पंख मिटले आणि अंग आडवं हवेत. नुसत्या जबड्यावर लटकलेली. मला वाटलं काही खातेय. पण नाही, ती झोपली. मग दुसरी आली. मग तिसरी. आधीची थोडी सरकली, जरा कुरबूर झाली, वसतिगृहात होते तशी, आणि सगळ्या एकीखाली एक लागून गप्प झाल्या. सात मोजल्या.

काम उरकून एका खोलीत झोपायला आलेल्या मुलींसारख्या वाटल्या मला. मी त्यांना पोरी म्हणायला लागले आहे.

बघण्याच्या नादात फोटो काढायचा राहिला. किडा हलतो अशी माझी तक्रार होती ना? इथं सातजणी न हलता बसल्या होत्या आणि कॅमेरा माझ्या मांडीवर.

१० तारीख, सोमवार

आल्या. त्याच काडीवर. सहा वाजून एकोणीस मिनिटांनी पहिली.

मी कारखान्यातला मोजपट्टीची फीत गळ्यात घालूनच बसते. काडी भिंतीपासून चौदा इंच. सगळ्यात खालची पोर जमिनीपासून बावीस इंचांवर. दगडावर बसले तर माझा डोळा बरोबर तिच्या समोर येतो. कॅमेरा हातात ठेवला तर हलतो, म्हणून जुन्या पँटच्या पायाची एक पिशवी शिवली, त्यात तांदूळ भरले, ती फरश्यांच्या चवडीवर ठेवली आणि तिच्यात कॅमेरा बसवला. बाळाला उशीत बसवतात तसा.

फोटो बरे आले, पण मागे दोरीवरचा टॉवेल दिसतो. पोरी झोपल्यात आणि मागे आमच्या मुलाचा टॉवेल.

सुनेला सांगायचं होतं, पण ती ऑफिसातून दमून येते आणि मला वाटतं माझा हा उद्योग तिला आवडत नाही. हल्ली मागच्या दारचा दिवासुद्धा लावत नाही ती. पूर्वी सहा वाजले की लावायची. अंधारात भांडी घासते. आळस म्हणायचा की राग, मला कळत नाही.

१२ तारीख, बुधवार

आला. फोटो आला.

आज दोरीवर एकही कपडा नव्हता, नशीब. मला आज पोचायला जरा उशीर झाला, पायात गोळा आला होता, मी दगडावर बसले तेव्हा सातही जणी येऊन झोपल्या होत्या. उजेड तोच, दोरा जुळवायचा. मी कोपरं टेकवली, श्वास सोडला आणि दाबलं. अकरा वेळा. नवव्या फोटोत सगळ्यात पुढच्या पोरीच्या डोळ्यात आमची भिंत दिसते. मिशीवर धुळीचा एक कण आहे, तोही दिसतो. निळा पट्टा असा आलाय की हात लावून बघावा.

नातीनं फोटो मोठा करून बघितला आणि ती कपडे धुवायच्या दगडावर बसली. दगड ओला होता. मग म्हणाली, आज्जी, मी सहा वर्षं फोटो काढतेय. एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य काही आलं नाही, पण मला पोचलं.

मंडळाला पाठवला. खाली नाव काय द्यायचं विचारलं, मी सांगितलं, काडीवरच्या सातजणी.

१६ तारीख, रविवार

प्रदर्शन उघडलं. चव्वेचाळीस फोटो आणि त्यात माझा दारातून शिरल्यावर तिसरा. काचेत. खाली छापलेलं माझं नाव, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

मंडळाचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत असतात, त्यामुळे मी हसतच नव्हते. त्यांनी विचारलं, आजी, कुठली लेन्स वापरलीत? मी तांदळाच्या पिशवीबद्दल सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

एक बाई माझ्या फोटोसमोर इतका वेळ उभ्या होत्या की त्यांचा नवरा खाली जाऊन गाडी चालू करून बसला. मुलानं माझा फोटोबरोबर फोटो काढला, फ्लॅश मारून. मी चोरी करताना पकडल्यासारखी आले आहे.

१७ तारीख, सोमवार

फोटो उतरवला.

दुपारी नात आली ती रडवेली. प्रदर्शनाचे परीक्षक एक प्रोफेसर आहेत, कॉलेजात तीस वर्षं किड्यांचं शास्त्र शिकवलेले, भुंगेऱ्यांवर त्यांची मोठी पुस्तकं आहेत. त्यांनी सकाळी सगळे फोटो पाहिले आणि माझ्या फोटोसमोर थांबून सांगितलं की या माश्या मेलेल्या आहेत. जिवंत माशी पायांनी धरते. या नुसत्या तोंडावर लटकल्यात, पाय आवळलेले, आणि एवढ्या कमी उजेडात इतका स्थिर फोटो जिवंत प्राण्याचा येणंच शक्य नाही. कोणीतरी मेलेल्या माश्या डिंकानं काडीला चिकटवल्यात. लोक असं करतात म्हणे. कोणी किडे फ्रिजमध्येही ठेवतात, गारठून गप्प बसावेत म्हणून.

फ्रिजमध्ये. भाजीशेजारी.

आता तिथं नुसता खिळा आहे. नात म्हणते, लोक विचारतात इथं काय होतं, आणि कोणी ना कोणी सांगतंच.

मी चाळीस वर्षं काजं केली. एका टाक्याची लबाडी कधी केली नाही. केली असती तर कोटाच्या आत कोण बघणार होतं?

१८ तारीख, मंगळवार

कोणाला सांगणार नाही, म्हणून इथं लिहिते. काल संध्याकाळपासून मलाच शंका येतेय. फोटोच्या दिवशी मी उशिरा बसले होते. त्या सातजणींना मी येताना पाहिलं नव्हतं. पुढची, जिच्या मिशीवर धूळ आहे, ती खरंच मेलेली असली तर? शिकलेल्या माणसानं सांगितलंय. तीस वर्षं शिकवलंय त्यांनी. मी फक्त बघितलंय.

म्हणून आज पहाटे उठून दगडावर जाऊन बसले. सातही जणी होत्या, दवानं भिजलेल्या, अगदी मेल्यासारख्या. मग भिंतीवरून ऊन उतरलं, काडीच्या टोकाला लागलं. वरची थरथरली. पुढच्या पायांनी तोंड पुसलं. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा. आणि उडाली. मग बाकीच्या, ऊन जसं खाली येईल तशा. सगळ्यात खालची शेवटी गेली, तिच्यापर्यंत ऊन यायला पाऊण तास लागला. तोवर मी हललेही नाही. काडी रिकामी झाली तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले, आणि वळून बघते तर सून दारात चहाचे दोन कप घेऊन उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. चहा पार गार झालेला.

दहा वाजता चप्पल घातली आणि दातांच्या दवाखान्यात गेले. बाहेर सहा माणसं गाल धरून बसली होती. सेक्रेटरीसाहेबांना म्हटलं, मला दात दाखवायचा नाही, माश्या दाखवायच्यात. प्रोफेसरसाहेबांनी माझ्या दारी एक संध्याकाळ बसावं. खोटं निघालं तर मी स्वतः हॉलमध्ये येऊन सगळ्यांसमोर सांगेन की म्हातारीनं फसवलं. खरं निघालं तर फोटो परत त्याच खिळ्यावर लागला पाहिजे. प्रदर्शन रविवारी संपतंय.

त्यांनी तिथूनच फोन लावला. प्रोफेसर गुरुवारी येतो म्हणाले, पावणेसहाला.

२१ तारीख, शुक्रवार, सकाळ

काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते. आज चहा पिऊन, पाय पसरून, सुरुवातीपासून लिहिते.

काल दुपारी मी आणि नात पाहुण्यांसाठी बिस्किटं आणायला गेलो होतो. चार वाजता परत आलो. मुलगा मागच्या दारात उभा, बाह्या दुमडलेल्या, घामानं निथळलेला आणि चेहऱ्यावर असं समाधान की विचारू नका. त्यानं रजा घेतली होती. आईची अब्रू पणाला लागलीय, मोठी माणसं येणार, अंगण असं कसं दाखवायचं? म्हणून त्यानं सगळं साफ केलं. फुटकी बादली गेली. फरश्या रचल्या. जमीन धुतली. शेजारून चार कुंड्या आणि दोन खुर्च्या मागून आणल्या. आणि भिंतीकडेचं सगळं रान मुळापासून उपटलं.

काडी नव्हती.

मी दगडावर बसले. तो विचारत होता, आवडलं ना आई? नातीनं त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा मला बघवेना. पन्नाशीचा माणूस, लहानपणी माझ्या कात्रीनं पडदा कापून पतंग केला होता तेव्हा जसा उभा राहिला होता, तसाच उभा. त्याला म्हटलं, राहू दे रे, चांगल्यासाठीच केलंस.

पाच वाजता सून ऑफिसातून आली. पर्स खांद्यालाच होती. अंगणाकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नवऱ्याला विचारलं, कचरा कुठं टाकलात? तो म्हणाला, कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत. ती तशीच उलट फिरली. नात मागोमाग पळाली. तिनं मला नंतर सांगितलं की आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, इस्त्रीच्या कपड्यांत त्या कुंडीत कंबरेपर्यंत वाकून सगळं रान उपसलं. येणारे जाणारे बघत होते. वीस मिनिटांनी दोघी आल्या. सुनेच्या केसांत भाजीची सालं आणि हातात काडी.

मी म्हटलं, अगं, हीच कशावरून? तिथं शंभर काड्या असतील.

सून म्हणाली, “हीच आहे आई. वरून तिसऱ्या पेराला वाकलेली आहे, आणि खालच्या बाजूला चावून चावून साल गेलीय. खालची रोज तिथंच धरते.”

तिला हे कसं माहीत, मला अजून कळलेलं नाही. ती मागे फिरकतही नाही असं मला वाटत होतं. असो. नजर चांगली आहे तिची, चष्मा लागलेला नाही.

मग आमची चौघांची जी धावपळ उडाली. मुलानं रंगाचा रिकामा डबा आणला, त्यात ओली माती दाबली, काडी रोवली. मी फीत काढली. वहीत लिहिलंच होतं, भिंतीपासून चौदा इंच, खालची पोर बावीस इंचांवर. डबा आला म्हणजे उंची वाढली, म्हणून मुलानं जमिनीत खड्डा करून डबा आत पुरला. नुकतीच धुतलेली जमीन त्यानंच खणली. बावीसच्या जागी साडेबावीस झाले, अर्ध्या इंचासाठी त्यानं डबा पुन्हा काढून पुन्हा पुरला. शेजारच्या कुंड्या हलवल्या. आणि तो दिव्याचं बटण दाबायला गेला तर सून म्हणाली, त्याला हात लावायचा नाही. तो पुटपुटला की दोन आठवडे या घरात अंधारात चाचपडतोय, आज पाहुण्यांसमोर तरी. पण लावला नाही.

पावणेसहाला प्रोफेसर आणि सेक्रेटरी आले. प्रोफेसर उंच, वाकलेले, खिशात भिंग. बोलायला अगदी मऊ. मला वाटलं होतं करवादतील. खुर्चीवर बसले, चहा नको म्हणाले. मी आधीच सांगून टाकलं की साहेब, काडी आज दुपारी उपटली गेली, कचऱ्यातून आणून परत लावलीय, पोरी येतील की नाही मला माहीत नाही. नातीनं मागून माझा दंड दाबला. पण न सांगता कसं चालेल? एका टाक्याचीही लबाडी नको म्हणजे नकोच.

सेक्रेटरी म्हणाले, आजी, मग दुसऱ्या दिवशी येऊ का? प्रोफेसर घड्याळ बघून म्हणाले की त्यांना उद्याच बाहेरगावी जायचंय.

मी म्हटलं, बसा.

सूर्य टाकीमागे गेला. सगळं विटलं. सहा एकोणीस झाले. सहा पंचवीस. कोणी नाही. प्रोफेसर पाय बदलून बसले. मुलगा भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. सहा अठ्ठावीसला तो उजेड आला, आणि मी मनात म्हटलं, उजेड आला, आता पोरी नाही आल्या तर हाही माझ्या काय कामाचा.

आणि भुणभुण ऐकू आली.

एक आली. काडीभोवती फिरली, एकदा, दोनदा, आणि निघून गेली. भिंतीपाशी जाऊन घुटमळली. परत आली. डब्याकडे गेली, तिथली ओली माती हुंगल्यासारखं केलं. परत वर. मग ती वाकलेल्या पेराच्या खाली उतरली, तोंड लावलं, चावली. पाय पोटाशी घेतले, एकेक करून. पंख मिटले. आडवी झाली.

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मग दुसरी, मग दोन एकदम, त्यांची कुरबूर, मग पाचवी. सहावीला जागा मिळेना, तिनं दोघींना ढकलून जागा केली. सातवी सगळ्यात शेवटी आली आणि थेट खाली, जिथली साल गेलीय, तिथं. सुनेनं तोंडावर हात ठेवला होता.

पाच मिनिटांत सातही जणी अगदी फोटोसारख्या. मेल्यासारख्या. प्रोफेसर खुर्चीवरून उठून भिंग घेऊन गुडघ्यांवर बसले, त्या ओल्या जमिनीत, चांगल्या पँटनं. मी फीत धरली आणि म्हटलं, साहेब, नऊ इंच. त्याच्या आत गेलं की त्यांना आवडत नाही. पण त्यांना राहवलं नाही, ते पुढे सरकले. आठ इंच, सात. आणि खालच्या पोरीनं झोपेतच मधला एक पाय सावकाश वर उचलला. असा, हात दाखवून थांबवतात तसा.

प्रोफेसर मागे झाले आणि हळूच म्हणाले, “माफ करा.”

मला नाही. तिला.

मग कितीतरी वेळ ते तसेच बसून होते, उजेड संपेपर्यंत. उठताना मुलानं हात दिला. ते म्हणाले, “आजी, मी तीस वर्षं सकाळी किडे गोळा केले आणि संध्याकाळी पाच वाजता टेबलाशी बसलो. टाचणी लावलेले किडे एवढे पाहिलेत की झोपलेला ओळखू आला नाही.” आणि मग हसून म्हणाले की एक चूक मात्र तुमचीही आहे. या पोरी नाहीत. या जातीच्या माद्या भिंतीत बिळं करून आपापल्या घरात झोपतात. काडीवर बाहेर लटकतात ते सगळे नर.

म्हणजे बाया घरात आरामात आणि बाप्ये रात्रभर बाहेर दातांवर लटकलेले. मी आणि सुनेनं एकमेकींकडे बघितलं आणि जे हसायला लागलो, ते थांबेचना. सून एवढी हसते हे मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं. मुलगा म्हणाला यात हसण्यासारखं काय आहे, त्यावर तर नातसुद्धा हसली. दातांच्या डॉक्टरांना त्या जबड्यांचं फार कौतुक वाटलं. एवढं वजन रात्रभर धरायचं म्हणजे, असं चारदा म्हणाले.

बिस्किटं सगळी संपली. प्रोफेसरांनी तीन कप चहा घेतला.

२३ तारीख, रविवार

आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. आम्ही चौघंही गेलो, दहाच्या ठोक्याला.

खिळा रिकामाच होता. तेवढ्यात आतून प्रोफेसर आले, माझा फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरून. बाहेरगावी गेलेच नव्हते. सेक्रेटरी स्टूल घेऊन मागे. प्रोफेसर म्हणाले, मी उतरवला, मीच लावणार. या वयात स्टुलावर चढले, सेक्रेटरींनी कंबर धरली, मी खालून सांगितलं, उजवीकडे जरा वर, अजून, हां. फीत जवळ होतीच. बरोबर सरळ लागला.

मग त्यांनी खिशातून एक कागद काढला, स्वतःच्या हातानं लिहिलेला, आणि फोटोच्या खाली चिकटवला. माझं नाव तसंच ठेवलंय, काडीवरच्या सातजणी. मी म्हटलं होतं बदला, आता खरं कळलंय. ते म्हणाले, नाव ज्यानं बघितलं त्याचं. कागदावर त्यांनी लिहिलंय की दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी हा फोटो चुकीनं उतरवला होता, चूक परीक्षकांची. त्याखाली मोठ्या अक्षरात, हे सर्व जिवंत आहेत. झोपलेले आहेत. आणि सही.

दिवसभर एवढी गर्दी झाली. शेवटचा दिवस असल्यानं असेल, किंवा त्या कागदानं. पण एक गंमत मी बघत बसले. लोक जिना चढून हसत, बोलत, मोबाइलवर ओरडत येत. पहिला फोटो बघत, दुसरा बघत, तिसऱ्यापाशी येऊन कागद वाचत आणि त्यांचे आवाज आपोआप खाली जात. एकानं तर बायकोला कुजबुजून सांगितलं, इकडे ये, हळू ये. एका आईनं लेकराच्या तोंडावर बोट ठेवलं. सगळा हॉल कुजबुजत होता, सकाळी दहापासून.

शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं, मोठ्यानं बोला हो, काही होत नाही. ते इथं नाहीत, आमच्या घरी आहेत, आणि अजून झोपायची वेळही झालेली नाही.

मग घड्याळ बघितलं तर साडेपाच वाजून गेले होते. प्रोफेसर माझा सत्कार करायचा म्हणून माइक नीट करत होते. मी त्यांना सांगितलं, सत्कार नातीला द्या, ती घेईल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, माइक सेक्रेटरींच्या हातात दिला आणि म्हणाले, थांबा, मीही येतो.

रिक्षात मी, सून आणि मध्ये प्रोफेसर. सहा अठराला दगडावर होतो.